आगीवर चालणारा फ्रिज

माझ्या भावाच्या कॅरव्हॅनमधला फ्रिज गॅसच्या सिलिंडरवर चालतो, हे अम्माला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं ती हसेल. मी स्वतः हसले होते. गॅसवर शेगडी पेटते, गिझर तापतो. त्याच गॅसवर दूध थंड कसं राहणार? पण अम्मा हसली नाही. "असतो तसा," एवढंच म्हणाली आणि पिशवीतली औषधं मोजत बसली. ती असं का म्हणाली हे मला तीन दिवसांनी कळलं.

गोष्ट मे २०२३ ची. शाळेला सुट्टी लागली आणि मी अम्माला घेऊन भाईकडे इंग्लंडला गेले. भाई २००३ साली तिकडे गेला, बर्मिंगहॅमला स्थिरावला. वीस वर्षांत तो चार-पाचदा आला, आम्ही मात्र पहिल्यांदाच जात होतो. मुलांच्या शाळांना तिथे मेच्या शेवटी आठवडाभर सुट्टी असते. त्या आठवड्यात भाई आम्हाला वेल्समध्ये फिरवणार होता, आणि तेही स्वतःच्या कॅरव्हॅनमधून. फोनवर या कॅरव्हॅनचं कौतुक आम्ही दोन वर्षं ऐकत होतो.

आपल्याकडे हल्ली कॅरव्हॅन म्हणतात ती इंजिन असलेली गाडी. भाईची म्हणजे मोटारीमागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली. सोळा-सतरा वर्षं जुनी, दुसऱ्या हाताची. आत सहा जणांची झोपायची सोय, शेगडी, बेसिन, कपाटाएवढं न्हाणीघर आणि ओट्याखाली तो फ्रिज. फ्रिजला तीन तऱ्हेचं खाणं चालतं. वीज असेल तिथे वीज, मोटार चालू असताना मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी, आणि दोन्ही नसेल तेव्हा गॅस. आम्ही जाणार होतो ते वेल्समधल्या बाला गावाजवळचं एका शेतकऱ्याचं कुरण. तिथे पाण्याचा नळ होता, विजेचं कनेक्शन नव्हतं. म्हणजे आठवडाभर सगळा भार गॅसवर.

मला काळजी दुधाची नव्हती. अम्माला मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली, दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. तिच्याजवळ एक उघडलेलं पेन होतं आणि पाच न उघडलेली. न उघडलेली पेनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. मी म्हटलं, पाच बर्मिंगहॅमच्या घरातल्या फ्रिजमध्ये ठेवून जाऊ, एक बरोबर नेऊ. अम्मा ऐकेना. घर सोडताना औषध मागे ठेवायचं नाही, हा तिचा नियम निसर्ग वादळापासूनचा. ३ जून २०२० ला ते वादळ आलं आणि दापोली तालुक्यातल्या आमच्या घरची वीज कित्येक दिवस गेली. तेव्हा तिनं इन्सुलिन डबीत घालून मडक्यात ठेवलं, मडक्याला ओला फडका गुंडाळला आणि तो दिवसातून चार वेळा भिजवत राहिली. मडक्यात ८ अंश होत नाहीत हे तिलाही माहीत होतं. पण जेवढं होतं तेवढं तिनं केलं.

तर सहाच्या सहा पेनं निघाली. मी आपली बर्मिंगहॅमला फ्रिजमध्ये ठेवायचा एक साधा थर्मामीटर विकत घेतला. भाईला ते आवडलं नाही. "अगं, फ्रिज चालतो. मी काय सांगतोय?"

शनिवारी सकाळी निघालो. निघायच्या अर्ध्या तास आधी भाईनं फ्रिज भरला. मसाला लावलेली कोंबडी, हलाल दुकानातला खिमा, दुधाचे चार लिटरचे कॅन, पाण्याच्या बाटल्या, सरबताच्या बाटल्या, आणि उरलेल्या फटीत हापूसचे सहा आंबे. आंब्याला फ्रिज लागत नाही, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला वीस वर्षांत विसरायला झालं, याचं अम्माला फार वाईट वाटलं. पेनांची डबी दाराच्या कप्प्यात बसवली.

रस्त्यावर वेल्सची हद्द लागली तशा पाट्या दोन भाषांत दिसू लागल्या. वळणावर डांबरावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असे, अराफ. म्हणजे सावकाश. उर्दू शिकवणाऱ्या बाईला तो शब्द रस्त्यावर पडलेला पाहून दचकायलाच होतं, कारण कुराणात त्याच नावाचा एक अध्याय आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी मी अम्माला सांगितलं आणि ती पुढची वळणं मोजत राहिली.

कुरणात पोचलो दुपारी. जागा सुंदर, पण उताराची. भाईनं मोटार सोडवली, कॅरव्हॅनच्या चार कोपऱ्यांचे पाय खाली फिरवले, सिलिंडर उघडला आणि फ्रिजचं बटण गॅसवर फिरवून दाबून धरलं. टिकटिक झाली, तिसऱ्या खेपेला पेटला. फ्रिजच्या आत खाली कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी एक काच असते, तिच्यातून ज्योत दिसते. "बघ, पेटलाय," भाई म्हणाला.

रविवारी पहाटे फजरला उठले आणि पहिल्यांदा फ्रिज उघडला. थर्मामीटरवर १४. बाहेर गवतावर दव होतं, श्वासाची वाफ दिसत होती, आणि फ्रिजमध्ये १४. माझं डोकंही जड झालं होतं. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

"वेळ लागतो त्याला," भाई म्हणाला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. दुपारी बघितलं तर १५. खिमा त्याच दिवशी शिजवून टाकला. कोंबडी संध्याकाळी. भाभीनं तोंडातून शब्द काढला नाही, पण तिच्या भांडी आदळण्यावरून कळत होतं.

मी भाषांची बी.एड. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंत. पण त्या चार दिवसांत आणि नंतर वाचून हा फ्रिज मला जितका समजला तितका सांगते, कारण तो समजल्याशिवाय पुढच्या गोष्टीत मजा नाही. आपल्या घरच्या फ्रिजमध्ये विजेवरचा कॉम्प्रेसर असतो, तो घरघरतो. या फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नाही, म्हणून आवाजही नाही. मागे नुसत्या वळणावळणाच्या नळ्या. त्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कायमचे बंद करून टाकलेले. खाली एक छोटी ज्योत अमोनिया मिसळलेलं पाणी तापवते. अमोनियाची वाफ वर चढते, मागच्या जाळीत बाहेरच्या हवेनं गार होऊन तिचा द्रव होतो. तो द्रव उतरत फ्रिजच्या आतल्या नळीत येतो. तिथे त्याची हायड्रोजनशी गाठ पडते, आणि त्या संगतीत अमोनिया थंडीतही पटकन उडून जातो. उडताना आतली उष्णता घेऊन जातो. अम्माच्या मडक्यावरचं पाणी तेच करतं. मग खाली पाणी त्या अमोनियाला पुन्हा पोटात घेतं, हायड्रोजन मोकळा होऊन वर जातो, आणि पाणी परत ज्योतीवर. हे सगळं नुसत्या उतारानं आणि उष्णतेनं चालतं. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली हा शोध लावला, आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्स कंपनी असे फ्रिज बनवू लागली. पुढे आइन्स्टाइननंही लिओ झिलार्डबरोबर हलता भाग नसलेल्या फ्रिजचं पेटंट घेतलं, अमेरिकेतलं १९३० चं. म्हणजे ही काही कॅरव्हॅनवाल्यांची करामत नाही. शंभर वर्षांची जुनी विद्या आहे.

विद्या जुनी असली तरी तिचे लाड फार. हे आम्हाला शेजारच्या कॅरव्हॅनमधल्या आजोबांनी सांगितलं. सत्तरीपुढचे, उंच, कानाला यंत्र लावलेलं. बायको गेल्यापासून एकटेच फिरत होते. मी पाणी भरायला गेले असताना त्यांनी फ्रिजचं विचारलं नाही, मीच सांगून टाकलं. भाईच्या अपरोक्ष. थोड्या वेळानं ते हातात पाणसळ घेऊन आले, गवंड्याकडे असते तशी, हवेच्या बुडबुड्याची. आत येऊन ती फ्रिजच्या तळाशी ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला जाऊन बसला.

नळ्यांमधला द्रव उतारानं वाहतो, मग कॅरव्हॅनच एका अंगाला कलली असेल तर तो भलतीकडे साचून राहतो. ज्योत जळत राहते, गॅस संपत राहतो, थंडी काही तयार होत नाही. कोपऱ्यांचे चार पाय हे कॅरव्हॅन डुलू नये म्हणून असतात, सपाट करण्यासाठी नाहीत, हेही त्यांनी हळू आवाजात भाईला सांगितलं. मग खालच्या बाजूच्या चाकाखाली उतरती फळी घालून मोटारीनं कॅरव्हॅन तिच्यावर चढवली, पुढचं छोटं चाक फिरवून नाक वर उचललं, आणि बुडबुडा मधोमध आला.

आजोबा बाहेरून एक फेरी मारून आले आणि भिंतीवरच्या दोन जाळ्यांसमोर थांबले. फ्रिजची मागची उष्णता बाहेर टाकायला या जाळ्या असतात, एक खाली, एक वर. खालून गार हवा येते, वरून गरम जाते. दोन्हींवर प्लास्टिकची पांढरी झाकणं घट्ट बसवलेली होती. ती हिवाळ्यातली झाकणं. कडक थंडीत लावायची, ऊन पडायला लागलं की काढून ठेवायची. आमची मेअखेरपर्यंत तशीच होती. भाईनं ती काढली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. आजोबांनी तिकडे न बघता पुढचं सांगितलं. फ्रिज आदल्या रात्रीच घरी विजेवर चालू करून ठेवायचा, त्याला गार व्हायला बारा-बारा तास लागतात. आत घालायचं ते आधीच गार केलेलं घालायचं. खचाखच भरायचा नाही, आत हवा फिरली पाहिजे. बारा व्होल्टवर तो थंड होत नाही, असलेली थंडी कशीबशी टिकवतो. म्हणजे भाईनं रस्त्यावर तीन तास कोमट बाटल्या कोमट ठेवल्या होत्या.

आणि सिलिंडर? आमचा निळा होता. तिकडे निळ्यात ब्युटेन, लालमध्ये प्रोपेन. ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होत राहतं. रात्री पारा चार-पाचवर उतरला की निळ्या सिलिंडरमधला गॅस आळसावतो. पहाटे चहाचं आधण यायला एवढा वेळ का लागत होता, तेही कळलं. आपल्या घरच्या लाल सिलिंडरमध्ये दोन्ही मिसळलेले असतात आणि कोकणात पारा तेवढा उतरत नाही, म्हणून आपल्याला हा प्रश्न कधी पडत नाही. लाल सिलिंडरला जोडनळी वेगळी लागते, ती तिथे नव्हती. भाईनं सिलिंडरची पेटी उघडून बघितली आणि बंद केली.

हे सगळं करून सोमवारी सकाळी ११ अंश.

१४ वरून ११. प्रगती होती, पण ८ च्या खाली नव्हती. मी आमच्या दापोलीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, उघडलेलं पेन बाहेर राहू द्या, त्याला चार आठवडे चालतं. बाकीची दोन-चार दिवसांत टाकून द्यावी लागतील असं नाही, उन्हात ठेवू नका, त्यांच्यावर खूण करा आणि तीच आधी वापरा. माझा जीव भांड्यात पडला. अम्माचा नाही. ती म्हणाली, डॉक्टर भला माणूस आहे, धीर देण्यासाठी बोलतो. तिनं स्टीलचा डबा घेतला, त्यात पेनांची डबी ठेवली, भाभीचा टॉवेल भिजवून डब्याभोवती गुंडाळला आणि डबा कॅरव्हॅनच्या सावलीच्या अंगाला, वारा लागेल असा ठेवला. दुपारी मी थर्मामीटर तिथे नेऊन ठेवला. फ्रिजमध्ये तेव्हा १३ होते. अम्माच्या टॉवेलात १२.

भाई ते बघून काही बोलला नाही. नातू मात्र जोरात हसला.

त्याच दुपारी अम्मा फ्रिजसमोर खाली बसली, गुडघे दुखतात तरी, आणि मला म्हणाली, "गो, ती काच मला दाखव." तिनं बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "ज्योत पिवळी आहे. ह्याला काजळी धरलीय." (घरी आम्ही आमची कोकणी बोलतो, इथे मराठी करून लिहितेय.)

मी विचारलं, तुला काय माहीत?

तेव्हा ती गोष्ट बाहेर आली. माझे नाना खाडीकाठच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. साठच्या दशकात त्या गावात वीज नव्हती, पण दवाखान्यात फ्रिज होता. घासलेटवर चालणारा. खाली टाकी, टाकीवर वात, वातीवर उभी चिमणी. इंजेक्शनं त्यात ठेवायचे. अम्मा दहा-अकरा वर्षांची होती, दुपारी नानांचा डबा घेऊन जायची. नाना दर जुम्याला नमाजाला जाण्याआधी त्याची वात कापायचे आणि ब्रशनं चिमणी झाडायचे. ज्योत निळी पाहिजे; पिवळी झाली की धूर, धूर झाला की काजळी, काजळी झाली की बर्फ गेला. फ्रिजच्या एका पायाखाली लाकडाची पाचर होती. झाडलोट करणाऱ्या बाईनं एकदा ती काढून टाकली तर नानांनी दवाखाना डोक्यावर घेतला होता. अम्मानं तेव्हा नानांना विचारलं होतं की आगीनं थंड कसं होतं. नाना म्हणाले होते, इब्राहीम पैगंबरांसाठी आग थंड झालीच होती की, इथे साहेबानं नळ्या लावून केली. डॉक्टरसाहेबांना हे उत्तर मुळीच आवडलं नव्हतं.

"मग परवापासून गप्प का बसलीस?" मी म्हटलं.

"हा साहेबाच्या देशात राहतो. म्हटलं त्याला जास्त कळत असेल."

मी आजोबांना बोलावून आणलं. त्यांनी वाकून काचेतून बघितलं, अम्माकडे बघून मान हलवली आणि भाईला म्हणाले, हे मात्र आपण उघडायचं नाही. गॅसचं काम आहे, ज्याच्याकडे परवाना आहे त्यालाच बोलव. भाई स्क्रूड्रायव्हर घेऊनच उभा होता. मला माझ्या भावाचा स्वभाव माहीत आहे. तो नक्की उघडत होता. आजोबांनी नंबर दिला. सोमवार तिथे सुट्टीचा होता, म्हणून तो मेकॅनिक मंगळवारी आला.

तिशीतला मुलगा, हात काळे, बोलणं मोजकं. गॅस बंद करून सगळं गार होऊ दिलं. मग खालची जाळी काढली आणि बर्नरवरचं झाकण उघडलं. बर्नरच्या फटींवर गंजाचे पापुद्रे पडले होते, तुळशीच्या मंजिरीएवढे. वरच्या धुराड्याच्या नळीला आतून गंज धरतो आणि प्रवासाच्या हादऱ्यांनी तो खाली ज्योतीवर पडतो. धुराड्यात एक पिळदार पट्टी लोंबत असते, ती गरम हवेला थोडं अडवून उष्णता नळीला देते. ती त्यानं बाहेर काढली, तर काजळीनं माखलेली. बाटल्या धुतो तसला लांब ब्रश घालून धुराडं झाडलं. मग एक पितळी तुकडा काढून तळहातावर ठेवला. त्यातून गॅस येतो. त्याचं भोक मला दिसेना, उजेडाकडे धरल्यावर टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपका दिसला. भाई म्हणाला, तारेनं साफ करू का? तो म्हणाला, तार घातली की भोक मोठं होतं, मग हा तुकडा फेकायचा. त्यानं तो स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला आणि फुंकून वाळवला.

आतापर्यंत सगळं शांतपणे चाललं होतं. मग त्यानं टॉर्च आत घालून फ्रिजच्या मागे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

फ्रिजची मागची बाजू आणि राहायची खोली यांच्यामध्ये कडेनं पट्टी लावून फट बंद केलेली असते, म्हणजे ज्योतीचा वायू आणि उष्णता बाहेरच्या जाळ्यांतूनच जाते, खोलीत येत नाही. आमची पट्टी एका बाजूनं निघून लोंबत होती. त्यानं विचारलं, जाळ्यांवर झाकणं होती का? भाई म्हणाला, परवापर्यंत होती. रात्री फ्रिज गॅसवर होता? होता. पिवळ्या ज्योतीनं? भाई गप्प. मग त्यानं विचारलं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कुठे आहे?

अलार्म ड्रॉवरमध्ये होता. चमच्यांच्या खाली. त्यात बॅटरी नव्हती. मागच्या उन्हाळ्यात बॅटरी संपत आली म्हणून तो दर मिनिटाला चिरकत होता, मुलं झोपत नव्हती, म्हणून भाईनं ती काढली आणि नवीन घालायची राहून गेली.

भाभीनं दोन्ही मुलांना हाताला धरून बाहेर नेलं. त्या मेकॅनिकनं ओरडाआरडा केला नाही, उपदेश केला नाही. एवढंच म्हणाला की त्या वायूला वास नसतो, आणि माणसं झोपेतून उठत नाहीत. मला रविवारच्या पहाटेचं जड डोकं आठवलं. ते त्यामुळेच होतं असं मी म्हणू शकत नाही. आदल्या दिवशी प्रवास झालाच होता. पण अम्मा फ्रिजच्या सगळ्यात जवळच्या बाकावर झोपली होती, हे आठवल्यावर माझे हात थरथरायला लागले ते चहा केला तरी थांबेनात.

त्यानं फट नव्यानं बंद केली, सगळं जोडलं, सांध्यांना साबणाच्या पाण्यासारखं काहीतरी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं, आणि पेटवलं. या वेळी पहिल्याच टिकटिकीला. अम्मा पुन्हा खाली बसली. काचेत छोटी, ताठ, निळी ज्योत. "आता ठीक," ती म्हणाली. तो मुलगा तिला थम्सअप करून गेला. जाताना स्वतःच्या गाडीतला नवा अलार्म देऊन गेला, त्याचे पैसे बिलात लावून.

रात्री सगळे झोपल्यावर भाई बाहेर पायरीवर बसला होता. मी शाल घेऊन गेले. बिल किती झालं ते मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. मग म्हणाला, दरवर्षी कॅरव्हॅनची तपासणी करून घ्यायची असते, दोन वर्षं केली नाही. गोदामात त्याच्या पाळ्या कमी केल्या होत्या. मागच्या वर्षी मार्चपासून. भाभीला माहीत होतं, आम्हाला नाही. दर रविवारच्या फोनवर तो "सगळं चालू आहे" म्हणत होता आणि आम्ही ते खरं मानत होतो. आमच्या विमानाच्या तिकिटांना त्यानं हट्टानं अर्धे पैसे पाठवले होते.

मी म्हटलं, सांगायचं तर होतंस.

"काय सांगायचं? तिथून तुम्ही काय करणार होतात?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आम्ही बसून राहिलो. आत भिंतीवर नव्या अलार्मचा हिरवा ठिपका मधूनमधून चमकत होता, तो खिडकीतून दिसत होता. थोड्या वेळानं दारातून अम्माचा आवाज आला, ती झोपली नव्हतीच. म्हणाली, तिकिटाच्या पैशांचं मला उद्या सकाळी हिशेबानं सांग, आणि आता दोघं आत या, थंडी आहे.

बुधवारी पहाटे ५ अंश. मी भाईला उठवून थर्मामीटर दाखवला. अम्मानं स्टीलच्या डब्यातली पेनं पुसून फ्रिजमध्ये ठेवली, आणि ठेवताना भाईशी पुन्हा वाद घातला. तो मागच्या थंड पत्र्याजवळ ठेवत होता, तिथे जास्त गार म्हणून. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं, त्याला गोठण्याची भीती उष्णतेहून जास्त. मधल्या फळीवर, पत्र्यापासून दूर, डबीत. आणि बटण शेवटपर्यंत नाही, मध्यावर. उरलेले तीन दिवस थर्मामीटर ४ ते ६ च्या बाहेर गेला नाही. आंबे बाहेर ओट्यावर आले आणि दोन दिवसांत पिकून संपले.

निघायच्या दिवशी आजोबांना अम्मानं सोड्यांची पुडी दिली. त्यांनी वास घेतला आणि फार सभ्यपणे आभार मानले. पुढं त्यांनी तिचं काय केलं असेल, अल्ला जाणे.

आता दर एप्रिलमध्ये भाई कॅरव्हॅन बाहेर काढायच्या आधी तपासणीचं बिल मला पाठवतो, मी मागितलेलं नसताना. लाल सिलिंडर घेतलाय, जोडनळीसकट. या वर्षी बिलाबरोबर त्या छोट्या काचेचा फोटोही होता. मी अम्माला मोबाइल दिला. तिनं चष्मा लावून फोटो मोठा केला, डावीकडून, उजवीकडून बघितला आणि म्हणाली, "निळी आहे. पण त्याला विचार, पाळ्या किती मिळतात ते."